कॉट बेसिस

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसले आहे. मागच्या आठवड्यात आष्ट्याला जाऊन आले. आईचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, त्यामुळे वरच्या खोल्यांचा कारभार तिने माझ्याकडे सोपवला. सोपवला म्हणजे काय, तर कपाटातून एक लांबडी लाल वही काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. "ही घे तुझी जहागीर!"

ज्यांना आष्टा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सांगलीहून पेठ नाक्याकडे निघालात की वाटेत लागतं ते आमचं गाव. वाळवा तालुका, काळी जमीन, ऊस, हळद. १९४९ पर्यंत हा सगळा भाग सातारा जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली सांगली. (आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, शेवटपर्यंत "आमचा सातारा जिल्हा" असंच म्हणत.) १९९९ साली गावात अण्णासाहेब डांगे इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. आणि दोन-तीन वर्षांत गावात एक नवीन पीक आलं... कॉटचं.

खोलीचं भाडं नाही हं, कॉटचं. दहा बाय बाराची खोली, तीन लोखंडी कॉट, भिंतीत एक फडताळ, एक ट्यूब. भाडं ज्याचं त्याने द्यायचं. ज्याच्या घरावर स्लॅब होता त्याने वर दोन खोल्या चढवल्या, ज्याचा गोठा रिकामा होता त्याने गोठ्याला फरशी घातली. आमच्या नानांनी (म्हणजे वडिलांनी) पतसंस्थेचं कर्ज काढून वर चार खोल्या बांधल्या. हायस्कूलमधल्या मास्तरांचा पगार, दादाचं आणि माझं शिक्षण, ताईच्या लग्नाचं देणं. त्या चार खोल्यांनी आमचं घर चालवलं, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की मी त्या पैशाला नावं ठेवतेय. मी त्याच पैशावर शिकले.

वहीत पहिलं पान जून २००१ चं. नानांचं मोत्यासारखं अक्षर. नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, कॉट क्रमांक, रक्कम. एका कॉटला महिना २५० रुपये, डिपॉझिट ५००. बारा कॉट. २०१० साली तोच आकडा ६००, २०१९ ला १२००. नाना २०११ मध्ये गेले, तिथून आईचं अक्षर सुरू होतं, जरा तिरकं आणि घाईचं.

वही चाळत होते ती गंमत म्हणून. ऑगस्ट २००१ च्या पानावर अडकले. समासात नानांनी पेन्सिलीने लिहिलंय, "एक मुलगा चौकशीस आला. जागा नाही म्हणून सांगितले." आणि त्याच पानावर चौथ्या खोलीतली तिसरी कॉट रिकामी आहे. ती दिवाळीपर्यंत रिकामीच राहिली.

मला तो मुलगा आठवतो. मी तेव्हा अठरा वर्षांची. त्याने पाणी मागितलं, मीच तांब्या आणून दिला. पांढरा शर्ट, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत मार्कलिस्ट. नानांनी अगदी सभ्यपणे विचारपूस केली. गाव कुठलं, बारावीला मार्क किती (माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त होते), आणि मग तो नेहमीचा प्रश्न. "आडनाव काय म्हणालास?" त्याने सांगितलं. नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अरेरे, कालच गेली बघ खोली."

कुणी ओरडलं नाही, कुणी काही वाईट बोललं नाही. तो "बरं सर" म्हणून गेला. पुढे आमच्याच एका भाडेकरू मुलाकडून कळलं की त्याला गावाबाहेर मळ्यातली एक खोली मिळाली. ३५० रुपये, संडास नाही, पावसाळ्यात चिखल तुडवत कॉलेज. म्हणजे एकाच गावात, एकाच कॉलेजच्या दोन मुलांना कॉटचा दर वेगळा होता. आणि आमच्या घरानेही त्या नकाराची किंमत मोजलीच की! तीन महिने एक कॉट रिकामी, ७५० रुपये. कर्जाचा हप्ता ओढून ताणून भरणाऱ्या माणसाला ते परवडले. हे गणित मी मागच्या आठवड्यात पहिल्यांदा केलं.

आप्पा तेव्हा सोप्यात आरामखुर्चीवर होते. सगळं ऐकलं असणार. दोन दिवस ते नानांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत एवढंच म्हणाले, "साताऱ्याला आमच्या पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसलाय ते कुणी इचारत न्हवतं."

आप्पा साताऱ्याच्या बोर्डिंगात शिकले होते हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, पण ती गोष्ट आम्ही 'गरिबीतून वर आलेले आजोबा' या सदरात टाकून दिली होती. त्या गोष्टीत भाडं नावाचा प्रकारच नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते बोर्डिंग कर्मवीर भाऊराव पाटलांचं. भाऊराव तसे आमच्याच भागातले. जन्म १८८७ साली कुंभोजला, पण घराणं आमच्या वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, पण तो खोलीच्या दृष्टीने कुणी वाचत नाही. भाऊराव कोल्हापूरला शिकायला गेले ते जैन बोर्डिंगात राहायला. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. भाऊराव त्या समारंभाला जाऊन आले. परत आल्यावर अंघोळ करून मगच आत यायचं, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातली जागा गेली. पुढे लाखो मुलांना शिक्षणाची वाट करून देणारा माणूस विद्यार्थी असताना स्वतः बेघर झाला होता, तोही भाडं थकलं म्हणून नव्हे.

मुळात कोल्हापुरात एवढी बोर्डिंगं निघाली ती तरी का? खेड्यातला मुलगा शहरात शिकायला यायचा तेव्हा हातात पैसे नसत हे खरंच, पण असते तरी त्याला खोली दिली कुणी असती? ब्राह्मण मुलाला निदान वार लावून जेवता यायचं, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ते जेवण लाजिरवाणं असे हे त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी लिहून ठेवलंय. पण शहरात त्याला दार उघडणारी सात घरं तरी होती. इतरांना तेवढीही नव्हती. शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सगळ्यांसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं होतं. ते हळूहळू एकाच जातीच्या मुलांचं होऊन बसलं. मग १९०१ पासून त्यांनी दुसरी वाट धरली. मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला मिस क्लार्क... जागा द्यायची, अनुदान द्यायचं आणि ज्या-त्या समाजाला आपल्या मुलांसाठी उभं करायचं. आज आपण "जातवार वसतिगृहं" म्हणून नाक मुरडतो. पण ज्याला कुठलंच दार उघडत नव्हतं त्याच्यासाठी निदान एक दार तयार झालं, असं मला वाटतं. त्या दाराला उंबरा होता, आणि भाऊरावांना तो लागला, हेही तितकंच खरं.

आणि म्हणूनच त्यांनी पुढे जे काढलं ते वेगळं काढलं. १९१० च्या सुमारास दुधगावला विद्यार्थी आश्रम निघाला, त्यात भाऊराव होते. दुधगाव म्हणजे आमच्या आष्ट्याच्या शेजारचं! आम्ही तिथे लग्नाला वगैरे जातो, आणि मला हे वयाच्या चाळिशीत कळलं. मग १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था. १९२४ ला ती साताऱ्याला आली, आणि तिथलं सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग असं नाव मिळालं. मुलं स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत, खडी फोडत, भिंती बांधत. गावोगावहून धान्य येई. आणि जेव्हा काहीच आलं नाही तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रासकट. लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या.

आप्पा गेले ते त्यानंतर काही वर्षांनी, एक ट्रंक, एक वळकटी आणि जोंधळ्याचं एक पोतं घेऊन. मी एकदा विचारलं होतं, "आप्पा, तिथं राहायचं काय पडायचं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "काय पडायचं म्हंजे? पाटी टाकायला लागायची." पाटी म्हणजे मातीची. विहिरीच्या कामावर.

असो. यात आप्पांचा उदोउदो करायचा नाही. त्याच आप्पांच्या घरात २००१ साली ते घडलं, आणि ते सोप्यात बसून होते. दोन दिवस न बोलणं आणि एक वाक्य, एवढाच त्यांचा निषेध. तोपर्यंत घर नानांचं झालं होतं, हप्ता नाना भरत होते.

नानांची गोष्ट आणखी वेगळी. ते १९७३ साली शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला गेले. विद्यापीठ १९६२ चं, पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार, आणि तिथेही कमवा व शिका योजनेत मुलं काम करून राहत. नानांचा तिथे नंबर लागला नाही. मग राजारामपुरीतल्या एका गल्लीत तिघांनी मिळून खोली घेतली. महिना ४५ रुपये, प्रत्येकी १५. घरमालक पावती देत नसे. दर दोन-तीन महिन्यांनी म्हणायचा, "कुणी विचारलं तर पाहुणे म्हणून सांगायचं."

हे 'पाहुणे' प्रकरण मला पूर्वी विनोदी वाटायचं. पण त्यामागे कायदा होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी साधारण सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंच होतं. पण वर्षं गेली, महागाई कुठल्या कुठे गेली आणि भाडं तिथेच. मालकांनी पळवाट काढली, भाडेकरू म्हणायचंच नाही, 'लायसन्सी' म्हणायचं. १९७३ साली सरकारने दुरुस्ती केली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे कुणी लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचा हक्क देऊन टाकला. झालं! ज्यांना जागा होती त्यांचं भलं झालं आणि नंतर येणाऱ्यांसाठी दारं घट्ट झाली. मालकांना धडकी भरली की आज कुणाला ठेवलं तर उद्या तो निघणारच नाही. नाना कोल्हापुरात पोचले ते नेमके याच वर्षी. पाहुणा निघून जातो, म्हणून पाहुणे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये गोठवलेल्या भाड्यांची ती तरतूद आता अवाजवी झाल्याचं म्हटलं, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा नवा कायदा आला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ आहे, करार लेखी आणि नोंदवलेला हवा अशी अट आहे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. तरी आपल्याकडे अजून "अकरा महिन्यांचं करू, नोंदणी नको" चालतंच. आमच्या वहीतल्या एकाही मुलाचा करार कधी नोंदवलेला नाही, हे कबूल करते.

मला मात्र एक समजत नाही. ज्या माणसाने दोन वर्षं पाहुणा म्हणून श्वास रोखून काढली, त्याने स्वतः मालक झाल्यावर एका मुलाला दारातून परत कसं पाठवलं? आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, त्यांना स्वतःला काही नव्हतं. बाकीची पोरं सोडून जातील, त्यांचे आई-बाप काय म्हणतील, याची भीती." असेल. प्रत्येक जण दुसऱ्याच्याच वतीने नकार देत असतो.

आप्पांच्या बोर्डिंगपासून नानांच्या कॉटपर्यंत मधे काय झालं याचा विचार केला तर १९८३ साल आडवं येतं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते (पुन्हा सांगलीचेच!), आणि विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. तोपर्यंत सांगलीचं वालचंद कॉलेज होतं, १९४७ पासूनचं, आणि तिथे प्रवेश मिळणं म्हणजे लॉटरी. १९८३ लाच आमच्या तालुक्यात साखराळ्याला राजारामबापूंच्या नावाचं कॉलेज निघालं. उसाच्या पैशावर, साखर कारखान्याच्या सावलीत कॉलेजं उभी राहिली आणि खेड्यातल्या मुलाला घराजवळ इंजिनिअर होता यायला लागलं. हे फार मोठं झालं, यात शंका नाही. पण बोर्डिंगवाल्यांनी आधी छप्पर आणि मग शाळा असा क्रम धरला होता. आता कॉलेज आधी आलं. त्यांची हॉस्टेलंही झाली, पण सगळ्यांना पुरणार कशी? उरलेल्यांचं छप्पर आमच्यासारख्यांवर सोडलेलं होतं, आणि आम्हाला कुणी काही अटी घातल्या नव्हत्या.

माझ्या स्वतःच्या पुण्यातल्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. सदाशिव पेठेत चौघी, रात्री नऊला कडी, पाहुणा चालणार नाही, अंडं चालणार नाही. तिथेही पहिला प्रश्न आडनावाचाच होता. माझं आडनाव ऐकून बाईंनी मान डोलावली तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आता आठवलं की कसंतरी होतं.

वहीत मार्च २०२० च्या पानावर आईने एकच शब्द लिहिलाय, "बंद". बारा मुलं दोन दिवसांत निघून गेली, गाद्या, पुस्तकं, बादल्या तशाच. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना निदान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितलं. पुढे ढकला म्हणजे माफ नव्हे. आणि कॉलेज तर किती महिने बंद राहणार हे कुणालाच माहीत नव्हतं. रिकाम्या कॉटचं भाडं कुणी द्यायचं? आईने फोन करून प्रत्येकाच्या घरी सांगितलं, सामान राहू दे, निम्मं द्या, जमेल तेव्हा द्या. वहीत पुढची पानं म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी. कुणी निम्मं दिलं, कुणी पूर्ण, तिघांनी काहीच नाही. त्या तिघांपैकी एकाचे वडील साथीत गेले. त्याच्या नावापुढे आईने रेघ मारलीय, रक्कम लिहिलेली नाही.

सरकारनेही अलीकडे छपराला किंमत लावली आहे. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, त्यातले राहण्याचे २०,०००. लहान जिल्ह्याच्या ठिकाणी एकूण ४३,०००, त्यात राहण्याचे १२,०००, म्हणजे महिना हजार. आमची कॉट तेव्हाच १२०० ला पोचली होती. पण फरक दोनशे रुपयांचा असता तर काय हवं होतं! हजार रुपये हातात असलेल्या मुलालाही दारात तोच प्रश्न विचारला जातो, आणि त्याच्यासाठी कुठला भत्ता नाही.

आईला मी सरळ विचारलं, "आता तू आडनाव विचारतेस का गं?"

"नाही बाई," ती म्हणाली. मग शेंगा सोलता सोलता, "विचारायचं कशाला, आधार कार्डाची झेरॉक्स घेतेच की."

मी हसले, ती हसली नाही. गेल्या दहा वर्षांची पानं मी नीट पाहिली. सगळ्या प्रकारची आडनावं आहेत. पण मुलं खोलीत कशी वाटली आहेत तेही दिसतं. ते तिने ठरवून केलं का आपोआप झालं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

या वर्षी दोन कॉट रिकाम्या आहेत, वेगवेगळ्या खोल्यांत. मी निघायच्या आदल्या दिवशी जतकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. मुलाचा नंबर लागलाय, शिष्यवृत्ती जमा झाली की डिपॉझिट देतो, तोवर नुसतं भाडं चालेल का? आणि भाडं किती? मी मुलाचं नाव विचारलं. त्यांनी नाव सांगितलं, क्षणभर थांबले, आणि मी न विचारताच आडनाव सांगितलं. आवाज जरा उतरला होता.

मी ते वहीत लिहून घेतलं. कोणती खोली आणि किती रक्कम, ते दोन्ही रकाने अजून कोरे आहेत. संध्याकाळी आईशी बोलून फोन करते म्हणाले.